आग्रह, सक्ती आणि दोन दाखले

पंगतीत आग्रह करून वाढायची आपल्याकडे रीत आहे. (होती म्हणू या. बुफे आल्यापासून बिचारा आग्रह पार हद्दपार झाला!) वाढणारा 'घ्या हो, एवढीशी तर आहे' म्हणत जिलबी पुढे करतो, जेवणारा पानावर हात आडवा धरून 'नको, नको' करतो आणि शेवटी खातो. त्या 'नको'चा अर्थ दोघांनाही ठाऊक असतो. पण समजा वाढणाऱ्याने खरोखरच हात पिरगाळून जिलबी तोंडात कोंबली, तर? पदार्थ तोच, मनातली भावनाही कदाचित तीच. पण त्याला आपण आग्रह म्हणणार नाही. ती सक्ती. मराठीत दोन वेगळे शब्द आहेत म्हणून हा फरक आपल्याला चटकन कळतो.

बायबलमध्ये, लूकच्या शुभवर्तमानात, एक शब्द असा आहे की त्याचा अर्थ आग्रह असाही लावता येतो आणि सक्ती असाही. त्याचा अर्थ काय लावायचा यावरून ख्रिस्ती जगात शतकानुशतकं भांडण चाललं. नुसतं पंडितांचं भांडण नव्हे. त्यात लोकांची घरंदारं गेली, माणसं तुरुंगात मेली. आणि गंमत म्हणजे (गंमत कसली!) मत्तयच्या शुभवर्तमानात दुसरा एक दाखला आहे, तो बरोबर उलट सांगतो असं वाटतं. पण तोही दोन्ही बाजूंनी वापरला गेला.

मी ख्रिस्ती नाही आणि धर्मशास्त्राची अभ्यासक तर मुळीच नाही. ऑगस्टीनचं 'कन्फेशन्स' वाचलं, फार आवडलं, म्हणून त्याची पत्रं वाचायला घेतली आणि तिथे हा गुंता हाताला लागला. गेले काही महिने डोक्यात घोळतोय. लिहून काढला की जरा सुटेल असं वाटलं. लेख लांबलाय, चहा घेऊनच बसा.

तर पहिला दाखला.

एका माणसाने मोठं जेवण ठरवलं, पुष्कळांना आमंत्रणं दिली. वेळ झाली तसा नोकराला निरोप घेऊन पाठवलं की चला, सगळी तयारी आहे. तर एकेकाची कारणं सुरू! एकाने शेत घेतलेलं, ते बघायला जायचंय. एकाने बैलांच्या पाच जोड्या घेतलेल्या, त्या जुंपून बघायच्यात. तिसऱ्याचं नुकतंच लग्न झालेलं (आणि पहिल्या दोघांनी निदान माफी तरी मागितली, याने तीही नाही). यजमान संतापला. म्हणाला, गावातले गरीब, लुळे, आंधळे, पांगळे यांना घेऊन ये. ते आले, तरी जागा उरली. मग त्याने नोकराला गावाबाहेरच्या रस्त्यांवर, कुंपणांच्या कडेला जे भेटतील त्यांना आणायला पाठवलं. आणि इथे तो शब्द येतो. ग्रीकमध्ये 'अनांकासोन'. त्यांना आत यायला लाव. पण कसं लाव? आग्रहाने की जबरदस्तीने?

शब्दकोश इथे फारसा उपयोगी पडत नाही. हेच क्रियापद मार्कमध्ये येशू शिष्यांना होडीत बसून पुढे जायला लावतो तिथे आलंय, आणि त्याने त्यांना दोरीने बांधून होडीत टाकलं असं कुणी म्हणत नाही. पण पौल गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात सुंतेची बळजबरी करणाऱ्यांबद्दल बोलतो, तिथेही हेच क्रियापद आहे. म्हणजे शब्द दोन्हीकडे झुकतो.

शिवाय ही जेवणाची गोष्ट तीन ठिकाणी सापडते. मत्तयमध्ये ती राजाच्या मुलाच्या लग्नाची होते. तिथे आमंत्रित लोक राजाच्या नोकरांना ठार मारतात आणि राजा सैन्य पाठवून त्यांचं गाव जाळतो. (बऱ्याच अभ्यासकांना यात इसवी सन ७० मधल्या जेरुसलेमच्या विध्वंसाची सावली दिसते.) तिसरी गोष्ट थोमाच्या शुभवर्तमानात आहे. १९४५ मध्ये इजिप्तमध्ये नाग हम्मादीजवळ सापडलेल्या हस्तलिखितांत हे मिळालं. त्यात एकाची व्यापाऱ्यांकडून येणी यायची आहेत, एकाने घर घेतलंय, आणि दाखला संपतो तो देवाणघेवाण करणाऱ्यांना इथे जागा नाही असं सांगून. आता बघा, मत्तयमध्ये सैन्य आहे, आग आहे, पण रस्त्यावरच्या लोकांना फक्त बोलवायचं आहे. थोमामध्येही भेटतील त्यांना घेऊन यायचं, एवढंच. तो दुटप्पी शब्द एकट्या लूकमध्ये आहे.

मला स्वतःला लूकचा दाखला वाचताना आपला पंगतीतला आग्रहच दिसतो. रस्त्याच्या कडेला बसलेल्या फाटक्या माणसाला कुणी येऊन सांगितलं की चल, मोठ्या वाड्यावर जेवायला बोलावलंय, तर तो उठून येईल? त्याला वाटेल थट्टा चाललीय. लाजेल, मागे सरेल. त्याला हाताला धरूनच आणावं लागेल. आणि पाठवलाय कोण, तर एकटा नोकर. तो कितीजणांना फरफटत आणणार? लूकच्याच लिखाणात आणखी दोन ठिकाणी पाहुण्यांना असं थांबवून घेतलंय. अम्माऊसच्या वाटेवरचे दोघे अनोळखी वाटसरूला (म्हणजे येशूलाच) रात्री थांबायला लावतात आणि लुदिया नावाची बाई पौलाला घरी उतरायला लावते. त्या दोन्ही जागी वापरलेल्या ग्रीक शब्दात तर 'बिया' म्हणजे बळ हा शब्दच दडलेला आहे. पण तिथे सक्ती झाली असं आजवर कुणाच्या मनातही आलं नाही. पाहुणचाराची भाषाच तशी असते.

आता दुसरा दाखला. शेतकऱ्याने शेतात चांगला गहू पेरला. रात्री सगळे झोपले असताना वैरी येऊन त्यात तण पेरून गेला. ओंब्या धरल्या तेव्हा तण दिसायला लागलं. नोकर म्हणाले, उपटून टाकू का? मालक म्हणाला, नको. तण उपटायला जाल आणि त्याबरोबर गहूही उपटाल. कापणीपर्यंत दोन्ही वाढू देत. मग मी कापणाऱ्यांना सांगेन, आधी तण वेगळं काढून जाळा आणि गहू कोठारात भरा.

हे तण म्हणजे ग्रीकमध्ये 'झिझानिया'. बहुतेक अभ्यासक ते डार्नेल नावाचं गवत असावं असं मानतात. ओंबी येईपर्यंत ते हुबेहूब गव्हासारखं दिसतं, आणि त्याचे दाणे पिठात गेले तर खाणाऱ्याला गरगरतं, मळमळतं. निंदणी करताना पिकासारखंच दिसणारं तण ओळखणं किती कठीण, ते शेतीवाल्यांना सांगायला नको. पुढे येशू शिष्यांना या दाखल्याचा अर्थही फोडून सांगतो. पेरणारा कोण, वैरी कोण, कापणी म्हणजे युगाचा शेवट, कापणारे म्हणजे देवदूत. आणि शेत म्हणजे जग. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे त्यावरून बरंच रामायण होणार आहे.

आता आपल्याला उत्तर आफ्रिकेत जायचंय, आजच्या ट्युनिशिया आणि अल्जीरियात.

३०३ साली रोमन सम्राट डायोक्लेशियनने ख्रिस्ती लोकांचा छळ सुरू केला. धर्मग्रंथ सरकारजमा करायचे हुकूम निघाले. काहींनी ग्रंथ देऊन जीव वाचवला, काहींनी प्राण दिले. छळ संपल्यावर प्रश्न आला की ज्यांनी ग्रंथ दिले त्या बिशपांनी दिलेली दीक्षा खरी मानायची का? एक गट म्हणाला, मुळीच नाही, चर्च शुद्धच हवं. पुढे डोनाटस नावाच्या बिशपवरून या गटाला डोनाटिस्ट म्हणायला लागले. शंभर वर्षांनीही हे भांडण मिटलं नव्हतं. गावोगावी दोन चर्च, दोन बिशप, आणि घराघरांत फूट.

ऑगस्टीन यातच वाढला. जन्म ३५४ चा, थागास्ते गावातला, आणि ३९५-९६ च्या सुमारास तो हिप्पो या बंदराच्या गावी बिशप झाला. (आजचं अल्जीरियातलं अन्नाबा.) सुरुवातीला त्याचं म्हणणं स्पष्ट होतं की सक्ती नको. बोलू या, वाद घालू या, पत्रं लिहू या. डोनाटिस्टांविरुद्ध त्याने बाराखडीच्या क्रमाने रचलेलं एक गाणंसुद्धा लिहिलं, साध्या लोकांच्या तोंडी बसावं म्हणून! जबरदस्ती केली तर उघड विरोधकांच्या जागी खोटे, वरवरचे अनुयायी तयार होतील, ही त्याची भीती होती.

पण परिस्थिती चिघळत गेली. डोनाटिस्टांमधली एक दांडगी टोळी सोटे घेऊन फिरायची. बगाई गावच्या कॅथॉलिक बिशपला मारून अर्धमेला केलं, काही पाद्र्यांच्या डोळ्यांत चुना ओतला. खुद्द ऑगस्टीनच्या वाटेवर एकदा दबा धरून बसले होते, वाटाड्या रस्ता चुकला म्हणून तो वाचला. शेवटी ४०५ साली सम्राट होनोरियसने फर्मान काढून डोनाटिस्ट पंथावर बंदी घातली. दंड, मालमत्तेची जप्ती, पाद्र्यांना हद्दपारी.

आणि ४०८ च्या सुमाराचं ते पत्र. व्हिन्सेंटियस नावाचा कार्थेजमधल्या विद्यार्थिदशेतला एक ओळखीचा माणूस, आता डोनाटिस्टांमधल्या एका शांत, छोट्या गटाचा बिशप. त्याने ऑगस्टीनला विचारलं होतं की तू तर शांततेचा आणि अभ्यासाचा भोक्ता होतास, हे काय चाललंय? ऑगस्टीन उत्तर देतो आणि काहीही लपवत नाही. सांगतो, पूर्वी माझं मत सक्तीच्या विरुद्ध होतं. ते बदललं ते कुणाच्या युक्तिवादाने नाही, उदाहरणांनी. पहिलं उदाहरण माझ्याच गावाचं. सगळं गाव डोनाटिस्ट होतं, शाही कायद्याच्या धाकाने कॅथॉलिक झालं, आणि आता असं झालंय की पूर्वी कधी तसं नव्हतं यावर विश्वास बसू नये. लोक येऊन म्हणतात की आम्हाला सत्य ठाऊक होतं पण सवय सुटत नव्हती, बरं झालं धाक दाखवलात.

मग तो शास्त्राधार देतो. पौलाला देवाने जमिनीवर आपटूनच वळवलं ना? वैद्य रुग्णाला दुखवतोच ना? आणि लूकमधला तो यजमान नोकराला काय सांगतो? ऑगस्टीनच्या हातातल्या लॅटिन पाठात तिथे शब्द आहे 'कोगिते', भाग पाडा. झालं! काही वर्षांनी, ४१७ च्या सुमाराला बोनिफेस नावाच्या सरदाराला लिहिलेल्या पत्रात तो हा अर्थ आणखी नीट बसवतो. आधी बोलावलेले प्रेमाने आणले, नंतरचे भाग पाडून आणले, आणि रस्ते आणि कुंपणं म्हणजे पाखंड आणि फूट.

हे वाचताना मी पुस्तक बाजूला ठेवलं. कारण याच माणसाने दहाएक वर्षांपूर्वी 'कन्फेशन्स'मध्ये आपल्या शाळेबद्दल काय लिहिलंय ते डोक्यात होतं. लहानपणी शाळेत मार बसू नये म्हणून तो देवाची प्रार्थना करायचा आणि मोठी माणसं हसायची. लॅटिन तो दायांच्या लाडात, हसतखेळत शिकला. ग्रीक छडीच्या धाकाने शिकवलं, आणि त्या भाषेशी त्याचं कधी नीट जमलं नाही. शिकायला धाकापेक्षा मोकळं कुतूहल जास्त उपयोगी पडतं असं तो स्वतःच लिहून गेलाय (अर्थात लगेच देवाच्या नियमात छडीलाही जागा आहे अशी पुस्ती जोडतो). इतकं नेमकं बालपण आठवणाऱ्या माणसाला थागास्तेच्या लोकांचं बालपण का आठवू नये?

तुम्ही म्हणाल, पण त्याचं म्हणणं काही अगदीच खोटं नाही. आपल्यातलेही कितीतरी जण सांगतात, 'मारून मुटकून पाढे पाठ करून घेतले म्हणून आज हिशेब येतो.' खरंय. पण धाकाने बदललेल्या माणसाचं 'बरं झालं' हे किती खरं मानायचं? थागास्तेत ज्याला बरं वाटलं नव्हतं, तो बिशपकडे येऊन तसं सांगणार होता थोडाच! त्याचा आवाज ऑगस्टीनच्या पत्रात येणं शक्यच नाही. उपाय लागू पडला याचा पुरावा म्हणून तो ज्यांच्याकडे बोट दाखवतो, त्यांना दुसरं काही बोलायची सोयच उरली नव्हती.

ऑगस्टीनवर अन्याय मात्र करायचा नाही. देहदंडाला त्याचा विरोध होता आणि तो त्याने पाळला. त्याच्याच भागात एका पाद्र्याचा खून झाला, दुसऱ्याचा डोळा फोडून बोट तोडलं. तेव्हा त्याने मार्सेलिनस या शाही अधिकाऱ्याला लिहिलं की गुन्हेगारांना ठार मारू नका, त्यांचे अवयवही तोडू नका. त्या काळच्या मानाने हे फार होतं.

४११ च्या जूनमध्ये कार्थेजला दोन्ही बाजूंच्या बिशपांची मोठी सभा भरली. साडेपाचशेच्या वर बिशप! अध्यक्ष हाच मार्सेलिनस. तिथे दुसरा दाखला वादात आला. कॅथॉलिक म्हणाले, चर्चमध्ये गहू आणि तण मिसळलेलंच असणार, कापणीपर्यंत थांबा, शुद्धतेच्या नावाखाली वेगळे होऊ नका. डोनाटिस्टांनी बोट ठेवलं ते नेमकं तिथेच. येशूने तर शेत म्हणजे जग असं सांगितलंय, चर्च नाही! जगात दोन्ही वाढू देत, चर्च शुद्धच हवं. कॅथॉलिकांचं उत्तर होतं की जगभर पसरलेलं चर्च हेच इथलं 'जग'. निकाल अर्थातच डोनाटिस्टांच्या विरुद्ध लागला आणि ४१२ मध्ये हुद्द्यानुसार दंड ठरवणारा कायदा आला.

म्हणजे बघा, चर्चच्या आतल्या पापी माणसांना तण असले तरी हात लावायचा नाही, कापणीपर्यंत थांबायचं. पण बाहेर राहिलेल्यांना मात्र थांबायची मुभा नाही, त्यांना जेवायला आणायचंच. दोन्ही दाखले आपापल्या जागी वापरले की धोरण पूर्ण होतं.

पुढे काय झालं तेही ऐका. ४३० साली हिप्पोला व्हॅन्डल टोळ्यांचा वेढा पडलेला असताना ऑगस्टीन वारला. व्हॅन्डलही ख्रिस्तीच, पण एरियन पंथाचे. ४८४ साली त्यांच्या हुनेरिक राजाने कार्थेजला बिशपांची सभा बोलावली आणि नंतर फर्मान काढून रोमन सम्राटांचे पाखंड्यांविरुद्धचे कायदे उचलून थेट कॅथॉलिकांना लावले. दंडाच्या पायऱ्याही जवळपास त्याच. आपण धार लावून ठेवलेलं हत्यार दुसऱ्याच्या हातात जायला पाऊणशे वर्षंसुद्धा लागली नाहीत.

मधली शतकं भरभर ओलांडू या. दाखल्याचा सौम्य अर्थ सांगणारे होतेच. अकराव्या शतकात लिएजचा बिशप वाझो याने शेजारच्या बिशपला, पाखंड्यांना मारू नका, हे सांगताना गहू आणि तणाचाच आधार दिला. पण पुढच्या दोनशे वर्षांत वारं फिरलं. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस लिहितो की गव्हाला धोका नसेल, तण स्पष्ट ओळखू येत असेल, तर उपटायला हरकत नाही. त्याने आणखी एक रेघ मारली. जे कधी ख्रिस्ती नव्हते त्यांच्यावर सक्ती करायची नाही, कारण श्रद्धा स्वेच्छेचीच हवी. पण एकदा बाप्तिस्मा घेतला की मात्र दिलेला शब्द पाळायला लावायचा, जबरदस्तीनेसुद्धा.

ही रेघ आपल्या दारापर्यंत आली ती गोव्यात. १५६० मध्ये तिथे इन्क्विझिशन सुरू झालं (मधली १७७४ ते १७७८ ही वर्षं सोडली तर १८१२ पर्यंत चाललं). त्याचा मुख्य रोख बाप्तिस्मा घेतलेल्यांवर होता, जुन्या चालीरीती लपूनछपून पाळणाऱ्यांवर. (हिंदूही त्यातून पूर्ण सुटले नाहीत.) १५६७ साली गोव्यात भरलेल्या धर्मपरिषदेने तर ठराव केला की कुणालाही बळाने किंवा धमकावून धर्मात आणू नये. आणि त्याच काळात देवळं पाडली जात होती, भटजींना हाकललं जात होतं, सणासमारंभांवर बंदी येत होती. म्हणजे आत ओढायचं नाही, पण बाहेर उभं राहायला जागाही ठेवायची नाही. त्याच गोव्यात फादर थॉमस स्टीफन्सने मराठी ओव्यांत 'ख्रिस्तपुराण' रचलं, ते १६१६ मध्ये छापलं गेलं. ती आग्रहाची वाट. पण तीही त्याच राजवटीच्या सावलीत चालली, हे विसरून चालत नाही.

युरोपात धर्मसुधारणेच्या काळात हे भांडण पुन्हा पेटलं. हुबमायर नावाच्या पुनर्बाप्तिस्मावादी विद्वानाने १५२४ मध्ये गहू-तणाच्या आधारे लिहिलं की पाखंड्यांना जाळू नये. १५२८ मध्ये त्यालाच व्हिएन्नात जाळलं. मार्टिन ल्यूथर १५२५ मध्ये याच दाखल्यावर प्रवचन देताना म्हणत होता की आज तण असलेला उद्या गहू होऊ शकतो, मारून टाकलात तर ती संधी जाते. १५३६ मध्ये मात्र पुनर्बाप्तिस्मावाद्यांना देहदंड देता येईल अशा मतपत्रावर त्याचीही सही आहे. आधी अल्पसंख्य, छळ सोसणारा, आणि मग सत्तेच्या जवळ. ऑगस्टीनसारखंच.

१५५३ च्या ऑक्टोबरमध्ये कॅल्व्हिनच्या जिनिव्हात मिगेल सर्व्हेटसला त्रैक्य नाकारल्याबद्दल जाळलं. पुढच्या वर्षी बाझेलमध्ये सेबास्तियन कास्तेलिओने टोपणनावाने एक पुस्तक काढलं. पाखंड्यांचा छळ करावा की नाही यावर थोरामोठ्यांची मतं त्याने एकत्र केली. त्यात ल्यूथरचे जुने उतारे, ऑगस्टीनचे, आणि चक्क कॅल्व्हिनचेही! पाखंडी म्हणजे काय याचा खूप शोध घेतल्यावर त्याच्या हाती एकच व्याख्या लागली, की आपल्याशी ज्याचं पटत नाही तो.

अमेरिकेत रॉजर विल्यम्सला मॅसॅच्युसेट्सच्या प्युरिटन मंडळींनी १६३५ मध्ये हद्दपारीची शिक्षा दिली. त्याने प्रॉव्हिडन्स गाव वसवलं आणि १६४४ मध्ये लंडनला एक पुस्तक छापलं, जे तिथल्या संसदेने जाळायचा हुकूम दिला. त्यात पानंच्या पानं गहू आणि तणावर आहेत. आणि त्याचा मुख्य मुद्दा काय? शेत म्हणजे जग! चर्च नव्हे. चर्चने आपल्या आत हवी तेवढी शिस्त ठेवावी, पण जगात, नगरात, राज्यात सगळ्यांना वाढू द्यावं. यहुद्यांना, मुसलमानांना, मूर्तिपूजकांना, सगळ्यांना. बाराशे वर्षांपूर्वी कार्थेजच्या सभेत हरलेल्या बाजूचा मुद्दा अटलांटिकच्या पलीकडून परत आला. फक्त तिथे तो शुद्ध चर्चसाठी मांडला होता, इथे मोकळ्या राज्यासाठी.

शेवटची गोष्ट फ्रान्सची. १६८५ मध्ये चौदाव्या लुईने नांतचा जाहीरनामा रद्द केला आणि प्रॉटेस्टंट पंथ बेकायदा ठरवला. त्याआधीच्या चार वर्षांपासून प्रॉटेस्टंटांच्या घरात सैनिक उतरवून, घर धुऊन काढून 'धर्मांतर' चाललंच होतं. याच वर्षी पॅरिसमध्ये एक पुस्तिका निघाली. फ्रान्सचं चर्च जे करतंय ते आफ्रिकेच्या चर्चने डोनाटिस्टांना केलं तेच आहे, हे दाखवण्यासाठी. त्यात काय छापलं होतं? ऑगस्टीनची तीच दोन पत्रं. व्हिन्सेंटियसला आणि बोनिफेसला लिहिलेली!

त्याच वर्षी नोव्हेंबरात बोर्दोच्या तुरुंगात जेकब बेल नावाचा प्रॉटेस्टंट पाद्री मेला. त्याचा धाकटा भाऊ पिएर बेल हॉलंडमध्ये, रॉटरडॅमला राहायचा. त्याने लिहिलेल्या पुस्तकाचा राग अधिकाऱ्यांनी भावावर काढला होता. १६८६ मध्ये पिएर बेलने लूकमधल्या त्या एवढ्याशा वाक्यावर एक अख्खा ग्रंथ लिहायला घेतला. तो ग्रीक व्याकरणात शिरतच नाही. त्याचं म्हणणं सरळ आहे. शास्त्रवचनाचा जो अर्थ लावल्याने गुन्हा करणं हे कर्तव्य ठरतं, तो अर्थ खोटा. आणि दुसरं, सत्य ज्याच्याकडे त्याला सक्तीचा हक्क असं म्हटलंत, तर प्रत्येकाला आपणच सत्य वाटतो, मग सगळेच सगळ्यांना मारायला मोकळे. चीनच्या बादशहाने मिशनऱ्यांना विचारलं की तुम्ही बलवान झालात की काय करणार, आणि त्यांनी प्रामाणिकपणे हा दाखला सांगितला, तर बादशहाने त्यांना आल्या पावली परत पाठवणं योग्यच नाही का? (हुनेरिकची आठवण झाली की नाही?)

कॅथॉलिक चर्चने स्वतः धर्मस्वातंत्र्याचा जाहीरनामा काढला तो ७ डिसेंबर १९६५ ला, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत. त्यात येशूने सक्ती केली नाही हे सांगताना गहू आणि तणाचा उल्लेख आहे.

एवढं सगळं वाचून मला काय वाटलं? 'खरा' अर्थ कोणता, हा प्रश्न पंडितांनी सोडवावा. मला दिसलं ते इतकंच, की हातात सत्ता असली की दाखला वेगळा वाचला जातो आणि पाठीवर काठी असली की वेगळा. एकाच माणसाच्या आयुष्यातसुद्धा. ऑगस्टीनसारखा, स्वतःच्या मनाचा तळ ढवळून बघणारा माणूस यातून सुटला नाही, मग बाकीच्यांचं काय! आणि हे फक्त ख्रिस्ती लोकांपुरतं किंवा धर्मापुरतं आहे असंही मला वाटत नाही.

एक बारीकशी गोष्ट जाता जाता. येशू दुसऱ्या दाखल्याचा अर्थ सांगतो तेव्हा पेरणारा, बी, शेत, वैरी, तण, कापणी, कापणारे, सगळ्यांची ओळख सांगतो. एकच पात्र राहून जातं. ते 'उपटू का?' विचारणारे नोकर. ते कोण, हे तो सांगतच नाही. दोन्ही दाखले वाचताना आपण सगळे स्वतःला नकळत त्या नोकराच्याच जागी धरतो. कुणाला आत ओढायचं, कुणाला उपटायचं, याचा विचार करत उभे राहतो. कुंपणाच्या कडेला बसलेल्या माणसाच्या जागी उभं राहून तो दाखला वाचला ते बेलसारख्या थोड्यांनी, आणि तेही घरचं माणूस गेल्यावर.

असो. चहा केव्हाच गार झाला असेल!